झेडओडीबीत ऑब्जेक्ट किती? मोजणी स्वस्तात कशी करायची

पायथनमध्ये यादी असो की डिक्शनरी, ‘लेन’ (लांबी सांगणारं फंक्शन) म्हटलं की उत्तर हजर. आत दहा नोंदी असोत की दहा लाख, वेळ तेवढाच लागतो. कारण आकडा आधीच लिहून ठेवलेला असतो. हीच सवय घेऊन माणूस झेडओडीबीकडे येतो, बी-ट्रीवर (किल्ली-मूल्याच्या नोंदी क्रमानं ठेवणारी झाडासारखी रचना) तेच ‘लेन’ चालवतो आणि चाचणीच्या शंभर नोंदींवर सगळं झकास चालतं. डेटा वाढला की मुख्य पानावर ‘एकूण दस्तऐवज’ हा एकच आकडा दाखवायला सर्व्हर मिनिटभर अडकून बसतो. दोष कुठं आहे ते लवकर सापडतही नाही, कारण कोडच्या त्या ओळीत संशय घ्यावा असं काहीच दिसत नाही.

झेडओडीबी हा जिम फुल्टन यांनी घडवलेला, पायथनचे ऑब्जेक्ट थेट साठवणारा डेटाबेस. संकेतस्थळाचा मजकूर सांभाळणारं प्लोन त्याच्यावरच उभं आहे. खालच्या पायऱ्या स्वतःचा कोड लिहिणाऱ्यांसाठी आहेत. मेथडची आणि क्लासची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

पायरी १: नेमकं काय मोजायचंय ते ठरवा

‘डेटाबेसात किती ऑब्जेक्ट आहेत’ या एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात.

एका संग्रहात किती नोंदी आहेत, हा पहिला. पावत्या किती, सदस्य किती, लेख किती. ॲप्लिकेशनला नव्वद टक्के वेळा हाच आकडा हवा असतो.

दुसरा प्रश्न स्टोरेजचा: फाइलमध्ये स्वतःची ओळख असलेले, म्हणजे आठ बाइटचा ओआयडी मिळालेले, किती ऑब्जेक्ट आहेत? हा देखभाल करणाऱ्याचा आकडा.

तिसरा प्रश्न मेमरीचा, आणि तो चुकून विचारला जातो. डीबी ऑब्जेक्टवर ‘कॅशे डिटेल’ नावाची मेथड आहे. ती क्लासनिहाय आकडे देते, म्हणून लोक तिला डेटाबेसची शिरगणती समजतात. प्रत्यक्षात ती फक्त या घडीला कनेक्शनांच्या कॅशेत, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, असलेले ऑब्जेक्ट मोजते. सर्व्हर पुन्हा सुरू केला की आकडे कोसळतात आणि ‘डेटा गेला’ म्हणून धावपळ होते. डेटा कुठंही गेलेला नसतो.

पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं एकमेकांशी जुळणार नाहीत, हेही आधीच मनात पक्कं करा. का जुळत नाहीत ते पुढं येईलच.

पायरी २: ‘लेन’ कुठं पैसे खातं ते समजून घ्या

बी-ट्री हा एक ऑब्जेक्ट नसतो. त्याच्या किल्ल्या छोट्या छोट्या बकेटांत वाटलेल्या असतात आणि प्रत्येक बकेट हा डेटाबेसातला स्वतंत्र ऑब्जेक्ट असतो. किल्ली आणि मूल्य दोन्ही पायथन ऑब्जेक्ट असलेल्या ओओ-बीट्रीच्या बकेटमध्ये जास्तीत जास्त ३० नोंदी मावतात. दोन्हीकडं पूर्णांक असलेल्या आयआय-बीट्रीत १२०. मर्यादा ओलांडली की बकेट मधोमध फुटते.

आता एक हिशेब करू. पावत्यांना चढते क्रमांक देऊन तुम्ही १० लाख नोंदी ओओ-बीट्रीत टाकल्या. किल्ल्या चढत्या क्रमानं येत असल्यानं फुटलेल्या बकेटच्या डाव्या अर्ध्यात पुन्हा कधीच काही पडत नाही. ती १५ नोंदींवरच राहते. म्हणजे साधारण ६६,६६७ बकेटा. ‘लेन’ काय करतं? पहिली बकेट उघडतं, तिच्यातल्या नोंदी मोजतं, पुढच्या बकेटचा दुवा धरतं, असं शेवटपर्यंत. एकूण आकडा झाडाच्या मुळाशी कुठंही लिहिलेला नसतो. डेटा झिओ सर्व्हरवर (नेटवर्कवरून अनेक प्रोसेसना एकच डेटाबेस पुरवणारा सर्व्हर) असेल आणि प्रत्येक बकेट आणायला एक मिलिसेकंद लागत असेल, तर नुसत्या जाण्यायेण्याचीच ६६ सेकंद झाली.

मूळ लेखकांनी हा आकडा मुळाशी का ठेवला नाही, असा प्रश्न पडेल. ठेवला असता तर प्रत्येक नोंदीगणिक मूळ नोड बदलला असता. दोन ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे बदल) झाडाच्या दोन टोकांना लिहीत असती तरी मुळावर आदळली असती. बी-ट्रीचा सगळा फायदाच तिथं संपतो. म्हणजे मोजणी महाग ठेवून लेखन स्वस्त केलं, आणि माझ्या मते ते अगदी योग्य केलं.

दुसरी एक गोष्ट किंमत ठरवते: मूल्य कसलं आहे. मूल्य स्वतः पर्सिस्टंट, म्हणजे स्वतःचा ओआयडी असलेला, ऑब्जेक्ट असेल तर बकेट उघडताना त्याचा फक्त रिकामा सांगाडा, म्हणजे घोस्ट, तयार होतो. आतला मजकूर येत नाही. पण मूल्य साधी डिक्शनरी किंवा लांबलचक मजकूर असेल तर तो बकेटच्याच पिकलमध्ये (साठवलेल्या बाइटांमध्ये) असतो. मग मोजायला निघालेले तुम्ही सगळा डेटा वाचून काढता.

झाड लहान असेल तर मात्र यातलं काही मनावर घेऊ नका. एकाच बकेटचं झाड असेल तर ती बकेट झाडाच्याच नोंदीत सामावलेली असते. पन्नास-शंभर किल्ल्यांच्या झाडातही बकेटा मोजक्याच, तिथंही बिनधास्त ‘लेन’ चालवा.

पायरी ३: अंदाज नको, मोजून बघा

कनेक्शनवर ‘गेट ट्रान्सफर काउंट्स’ नावाची मेथड आहे. ती दोन आकडे देते: किती ऑब्जेक्ट आणले, किती लिहिले. नवं कनेक्शन उघडा, तिला ‘क्लिअर’ खरं देऊन आकडे शून्यावर आणा, संशयित ओळ चालवा आणि पुन्हा विचारा. एका ‘लेन’साठी पहिला आकडा हजारोंनी वाढला, तर चोर सापडला.

कॅशे कोरी असतानाच ही चाचणी घ्या. तापलेल्या कॅशेवर तोच ‘लेन’ निरागस दिसतो. डीबीची कॅशे मर्यादा मुळात ४०० ऑब्जेक्टची असते, आणि ती ट्रान्झॅक्शनच्या सीमेवर लागू होते. म्हणजे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ६६ हजार बकेटा आणल्या तर त्या तेवढ्यापुरत्या मेमरीत साठतात, आणि सीमेवर झाडलोट होते तेव्हा कामाचे ऑब्जेक्टही त्यांच्या गर्दीत बाहेर फेकले जातात. एका आकड्यापायी पुढच्या दहा विनंत्या हळू होतात, त्या अशा.

पायरी ४: न मागता होणारी मोजणी शोधा

कोडमध्ये ‘लेन’ हा शब्द शोधून भागत नाही. तुम्ही झाडाभोवती स्वतःचा संग्रह-क्लास लिहिला असेल आणि त्याचं ‘लेन’ झाडाच्या ‘लेन’कडे वळवलं असेल, तर ‘जर संग्रह असेल तर’ एवढ्या तपासणीतही पायथन ‘लेन’च बोलावतो. संग्रह रिकामा आहे की नाही एवढंच विचारायचं होतं, आणि अख्खं झाड फिरून झालं. बी-ट्रीची स्वतःची खरं-खोटं तपासणी मात्र स्वस्त असते, ती पहिल्याच नोंदीवर थांबते. म्हणून संग्रह-क्लासला खरं-खोटं ठरवणारी वेगळी मेथड द्या आणि तिच्यात झाडालाच विचारा.

झाडापासून यादी बनवतानाही असंच होतं. यादीसाठी किती जागा घ्यायची हे ठरवायला पायथन आधी लांबी विचारतो, मग नोंदी घेतो. झाड दोनदा चाललं. दुसरी फेरी कॅशेतून होते म्हणून चटका कमी, पण पहिल्या नोंदी लवकर हव्या असतील तर यादी न बनवता थेट किल्ल्यांवर फिरा.

बऱ्याच ठिकाणी पूर्ण आकडा लागतच नाही. ‘पन्नासपेक्षा जास्त असतील तर पुढच्या पानाचा दुवा दाखव’ असं असेल तर ५१ किल्ल्या मोजून थांबा. अर्धवट भरलेल्या बकेटा धरल्या तरी चार बकेटांत काम होतं. इटरटूल्समधलं ‘आयस्लाइस’ यासाठी पुरेसं आहे. छोट्या पट्ट्यातली मोजणी, म्हणजे अमुक किल्लीपासून तमुक किल्लीपर्यंत, हीसुद्धा पट्ट्यातल्या बकेटांपुरतीच महाग असते. तिला उगाच घाबरू नका.

पायरी ५: लेंग्थ वापरा

मोठ्या संग्रहाचा नेमका आकडा वारंवार हवा असेल तर मार्ग एकच: नोंद येता-जाता आकडा लिहून ठेवायचा. प्रश्न इतकाच की कुठं.

संग्रहाच्या ऑब्जेक्टवर साधा पूर्णांक ठेवणं ही पहिली सुचणारी आणि सर्वांत वाईट जागा. दोन विनंत्या एकाच वेळी नोंदी टाकतात, दोघी संग्रहाचा ऑब्जेक्ट बदलतात, दुसरीला ‘कॉन्फ्लिक्ट एरर’ मिळतो. झाड स्वतः अशा लेखनाला तयार असतं, तुमचा पूर्णांक त्याला आडवा येतो.

बीट्रीज पॅकेजमध्येच यासाठी ‘लेंग्थ’ नावाचा चिमुकला क्लास आहे. तो पर्सिस्टंट आहे, त्याच्या पोटात एकच पूर्णांक आहे, आणि टक्कर झाली तर ती कशी सोडवायची हे त्याला माहीत आहे. नियम एका ओळीचा:

नवा आकडा = पहिल्याचा + दुसऱ्याचा − जुना

आकडा १०० आहे. एका ट्रान्झॅक्शननं तीन नोंदी टाकून १०३ केला, त्याच वेळी दुसरीनं पाच टाकून १०५ केला. पहिली कमिट, म्हणजे पक्की, झाली. दुसरी आली तेव्हा १०३ + १०५ − १०० = १०८. कुणालाही परत पाठवलं नाही, आणि बेरीजही बरोबर.

संग्रहात दोन गोष्टी ठेवा: झाड आणि त्याच्या शेजारी लेंग्थ. बी-ट्रीचाच उपक्लास करून त्याच्यावर आकड्याचं ॲट्रिब्यूट लटकवू नका. बी-ट्री साठवताना फक्त स्वतःच्या नोंदी साठवतो, तुमचं ॲट्रिब्यूट कमिटनंतर हरवलेलं असेल. नोंद टाकण्याची पद्धत अशी:

जर झाड.इन्सर्ट(किल्ली, नोंद):
　　आकडा.चेंज(१)

इथं चौकटी कंसात किल्ली देऊन थेट मूल्य टाकण्याऐवजी ‘इन्सर्ट’ घेतलं आहे, त्याला कारण आहे. थेट टाकताना किल्ली आधीपासून असेल तर जुनी नोंद बदलते आणि वाढ होत नाही. तुम्ही मात्र एक मिळवून मोकळे होता. ‘इन्सर्ट’ किल्ली नवी असेल तर १ देतं, आधीची असेल तर काहीही न बदलता ० देतं. तोच आकडा सरळ ‘चेंज’ला द्यावा असा मोह होतो, पण शून्याचा ‘चेंज’सुद्धा लेंग्थला बदललेला ठरवतो आणि फाइलमध्ये विनाकारण एक नोंद वाढते. म्हणून ‘जर’.

काढताना आधी झाडातून काढा, मग चेंज(−१). किल्ली नसेल तर पहिल्याच ओळीवर एरर येईल आणि आकड्याला हात लागणार नाही. क्रम उलटा ठेवला आणि वरच्या कुणी तो एरर गिळला, तर आकडा एकानं कमी राहील.

वाचताना लेंग्थला फंक्शनसारखं बोलवा, तो पूर्णांक देतो. किती नोंदी आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणायला एकच ऑब्जेक्ट.

एका ट्रान्झॅक्शनमध्ये दहा हजार वेळा चेंज(१) केलं तरी कमिटला एकच लेखन होतं, तेव्हा स्वतः बेरीज करत बसायची गरज नाही. ट्रान्झॅक्शन रद्द झालं तर आकडाही आपोआप मागं येतो. आकडा बाहेरच्या कॅशे सर्व्हरमध्ये ठेवणाऱ्यांना हे सुख नाही. तिथं नोंद रद्द होते आणि आकडा पुढं निघून गेलेला असतो.

एक धोका मात्र मोठा आहे. लेंग्थचा आकडा पुढच्या नोंदीचा क्रमांक म्हणून वापरू नका. वरच्या उदाहरणात दुसऱ्या ट्रान्झॅक्शनला चालू असताना १०५ दिसत होते, साठले १०८. टक्कर शांतपणे सोडवली जाते म्हणूनच दोन ट्रान्झॅक्शनना एकच क्रमांक मिळू शकतो, आणि एररही येत नाही. क्रमांक हवा असेल तर तिथं टक्कर व्हायलाच हवी. तिथं लेंग्थ नको.

तयार संग्रह वापरत असाल तर यातलं बरंचसं झालेलं आहे. बीट्रीफोल्डर-२ आत झाड आणि लेंग्थ दोन्ही ठेवतं आणि ‘ऑब्जेक्ट काउंट’ मेथडमधून आकडा देतं. झोप (Zope) या वेब फ्रेमवर्कच्या कंटेनर पॅकेजमधला बीट्री-कंटेनरही असंच करतो. शोधासाठीच्या सूचीत, म्हणजे कॅटलॉगमध्येही, एकूण नोंदींचा आकडा लेंग्थनंच सांभाळलेला असतो. तिथं स्वतःचा दुसरा आकडा सुरू करू नका.

पायरी ६: जुन्या डेटावर आकडा बसवणं

नव्या संग्रहात हे सोपं आहे, पण बहुतेकांकडं आधीच लाखो नोंदी असतात. इथं क्रम महत्त्वाचा.

आधी एका छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये सगळ्या संग्रहांना शून्याचा लेंग्थ लावून घ्या. ‘कुणी विचारलं आणि नसला तर तेव्हा बनवू’ ही पळवाट टाळा. तिच्यामुळं नुसतं पान वाचणारी विनंतीही डेटाबेसात लिहू लागते आणि नको तिथं टक्करी होतात.

मग आकडा सांभाळणारा नवा कोड सगळ्या सर्व्हर-प्रोसेसवर चढवा. सगळ्या म्हणजे सगळ्या. रात्री चालणारी आयातीची स्क्रिप्ट आणि कोपऱ्यात पडलेला कामगार प्रोसेससुद्धा. एक जरी जुन्या कोडवर राहिला तरी तो नोंदी टाकत राहील आणि आकडा तिथंच राहील.

त्यानंतर खरी मोजणी. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये झाड मोजा, लेंग्थ वाचा, फरक काढा, तो फरक ‘चेंज’ला द्या आणि कमिट करा. मोजणी चालू असताना बाकीचे लिहीत असले तर? चालेल. झेडओडीबीत तुमच्या ट्रान्झॅक्शनला सुरुवातीच्या क्षणाचं चित्र दिसतं. झाडाचंही आणि लेंग्थचंही, दोन्ही एकाच क्षणाचं. समजा झाडात ५०० सापडल्या आणि लेंग्थमध्ये २० होते. तुम्ही ४८० मिळवून ५०० केले. तेवढ्यात कुणी एक नोंद टाकून लेंग्थ २१ केला होता. कमिटला ५०० + २१ − २० = ५०१. हवं होतं तेच.

हे गणित दोन ठिकाणी मोडतं. मोजणी तुकड्यातुकड्यांनी, मध्ये कमिट करत केली तर झाडाचं चित्र एका क्षणाचं आणि लेंग्थचं दुसऱ्या, म्हणजे फरकच चुकीचा. आणि दुरुस्तीची स्क्रिप्ट दोन ठिकाणी एकदम चालवली तर दोघी तोच फरक मिळवतील: ५०० + ५०० − २० = ९८०. ‘सेट’ वापरून हे टळेल असं वाटतं, पण टळत नाही. टक्कर सोडवणाऱ्याला दोन्ही बाजूंचे अंतिम आकडेच दिसतात, ते ‘सेट’नं आले की ‘चेंज’नं हे त्याला कळत नाही. तेव्हा दुरुस्ती एकाच प्रोसेसमधून.

मेमरीची काळजी वाटत असेल तर ‘लेन’ऐवजी किल्ल्यांवर स्वतः फिरा आणि दर दहा हजार किल्ल्यांनंतर कनेक्शनची ‘कॅशे जीसी’ मेथड बोलवा. तिनं ट्रान्झॅक्शन संपत नाही, जुन्या बकेटा तेवढ्या सोडल्या जातात. मोजणी चालू असताना पॅक (जुन्या आवृत्त्या आणि कचरा काढणारी सफाई) मात्र लावू नका. तुम्ही पाहत असलेल्या जुन्या आवृत्त्याच पॅक काढून टाकू शकतो.

पायरी ७: प्रकारवार आकडे

‘मंजूर किती, प्रलंबित किती’ असं विचारलं गेलं की लोक किल्लीला पूर्णांक जोडणारी ओआय-बीट्री घेतात. दिसायला नेमकी, पण एकाच किल्लीचं मूल्य दोन ट्रान्झॅक्शननी बदललं की बकेटला टक्कर सोडवता येत नाही, आणि ‘प्रलंबित’सारख्या सतत हलणाऱ्या किल्लीवर दर वेळी ठिणगी पडते. त्याऐवजी ओओ-बीट्री घ्या आणि प्रत्येक प्रकाराच्या किल्लीला स्वतंत्र लेंग्थ द्या. प्रकारांची यादी आधीच माहीत असेल तर सगळे लेंग्थ सुरुवातीलाच बनवून ठेवा. स्थिती बदलताना एका लेंग्थमधून एक वजा, दुसऱ्यात एक अधिक. दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. महिनावार आकड्यांनाही हीच रचना चालते.

पायरी ८: अख्ख्या डेटाबेसची मोजणी

डीबी ऑब्जेक्टची ‘ऑब्जेक्ट काउंट’ मेथड स्टोरेजलाच त्याची लांबी विचारते. फाइलस्टोरेजकडं (एका फाइलमध्ये साठवणाऱ्या स्टोरेजकडं) ओआयडीवरून फाइलमधली जागा सांगणारी सूची मेमरीत असते, त्यामुळं उत्तर लगेच येतं. रेलस्टोरेजमध्ये (रिलेशनल डेटाबेसात साठवणारं स्टोरेज) मागं पोस्टग्रेस असेल तर आकडा त्याच्या आकडेवारीच्या नोंदींमधून अंदाजानं येतो. झेडओडीबीच्या इंटरफेसमध्येच स्टोरेजची लांबी अंदाजे आणि केवळ माहितीपुरती म्हटलेली आहे, तेव्हा तिच्यावर कोणताही निर्णय बेतू नका.

पावत्या १० लाख आणि ‘ऑब्जेक्ट काउंट’ मात्र १० लाख ६७ हजारांच्या पुढं, हे कसं? मघाच्या ६६,६६७ बकेटा आठवा. त्याही ऑब्जेक्टच. वरच्या पातळीचे काहीशे नोड आणखी. शिवाय काढून टाकलेले पण अजून पॅक न झालेले ऑब्जेक्ट सूचीत तसेच असतात. उलट, पावतीच्या आतली साधी यादी किंवा डिक्शनरी वेगळी मोजलीच जात नाही, ती पावतीच्याच पिकलचा भाग असते. पॅकनंतर आकडा घसरला तर तो कचरा गेला इतकंच.

कोणत्या क्लासचे किती, हे बघायचं असेल तर ऑब्जेक्ट जागे करत फिरू नका. फाइलची प्रत काढा. त्यासाठी रेपोझो हे झेडओडीबीसोबत येणारं बॅकअपचं साधन चांगलं. ती प्रत फक्त वाचनासाठी उघडा आणि फाइलस्टोरेजच्या ‘रेकॉर्ड इटर-नेक्स्ट’ मेथडनं एकेक चालू नोंद घ्या. झेडओडीबीच्या युटिल्समधलं ‘गेट पिकल मेटाडेटा’ प्रत्येक नोंदीचं मोड्यूल आणि क्लासचं नाव काढून देतं, आख्खा ऑब्जेक्ट न उघडता. ती जोडी पायथनच्या काउंटरमध्ये टाकत चला. क्लासचा कोड त्या मशीनवर नसला तरी मोजणी होते, हा वरचा फायदा.

स्टोरेजचा साधा ‘इटरेटर’ यासाठी घेऊ नका. तो ट्रान्झॅक्शनांवर चालतो आणि प्रत्येक ऑब्जेक्टच्या सगळ्या जुन्या आवृत्त्या देतो. एखादा लेंग्थ लाखभर वेळा बदलला असेल तर तो लाखभर वेळा दिसेल. इतिहास किती साचलाय हे बघायला मात्र तोच हवा, आणि त्यासाठी झेडओडीबीच्या स्क्रिप्टांमध्ये ‘ॲनालाइझ’ आहेच. तो क्लासनिहाय नोंदी आणि बाइट दोन्ही छापतो. पहिल्यांदा चालवला की बहुतेकांचे डोळे विस्फारतात, कारण यादीच्या डोक्यावर आपले ऑब्जेक्ट नसून कॅटलॉगच्या बकेटा असतात.

पायरी ९: चाचणी आणि पहारा

टक्कर सोडवली जाते की नाही हे मॅपिंगस्टोरेजवर (फक्त मेमरीत साठवणारं स्टोरेज) तपासू नका. त्याला टक्कर सोडवणं येतच नाही, तुमचा बरोबर कोडही तिथं नापास होईल. तात्पुरती फाइल घेऊन फाइलस्टोरेज वापरा, किंवा डेमोस्टोरेज. दोन वेगळे ट्रान्झॅक्शन मॅनेजर, दोन कनेक्शन. दोन्हीकडं लेंग्थ वाचा, दोन्हीकडं बदला, एकामागून एक कमिट करा, मग तिसऱ्या कनेक्शनवरून बेरीज बघा. झाडावर हीच चाचणी करताना दोन किल्ल्या एकमेकींपासून दूरच्या घ्या, नाहीतर बकेट फुटण्याच्या टकरीत गोंधळाल.

चालू प्रणालीवर आठवड्यातून एकदा निवांत वेळी झाड आणि लेंग्थ ताडून बघणारी स्क्रिप्ट लावा. फरक आढळला तर ती तो लॉगमध्ये लिहील, स्वतः दुरुस्त करणार नाही, असं ठेवा. बीट्रीफोल्डर-२ मध्ये आकडा सुधारणारी तयार मेथड आहे, ती वापरायचीच. पण कारण सापडल्यावर. फरक पडला म्हणजे कुणीतरी संग्रहाला वळसा घालून थेट झाडावर लिहितंय. आकडा दर आठवड्याला गुपचूप सरळ होत राहिला तर तो माणूस, किंवा ती स्क्रिप्ट, कधीच सापडणार नाही. शोध घेताना आधी झाडाच्या ॲट्रिब्यूटचं नाव सगळ्या कोडमध्ये शोधा, मग झाड एकदम रिकामं करणाऱ्या किंवा एकदम भरणाऱ्या ओळी बघा. स्थलांतराच्या जुन्या स्क्रिप्टांपासून सुरुवात केलेली बरी.